राक्षस कितव्या पानावर?

शुक्रवारी रात्री माझ्या पलंगावर झोपायला जागा नसते. तिथे ड्रॅगन पसरलेले असतात. उशीवर एक जाडजूड पुस्तक उघडं, पायथ्याशी दोन, एक माझ्या मांडीवर, आणि एक हमखास अंगाखाली आलेलं. पुठ्ठ्याच्या बांधणीच्या राक्षसकोशाचा कोपरा बरगडीत घुसला की राक्षस न वाचताही कळतो.

याचं कारण मी डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कल्पनेतल्या साहसाच्या खेळात चार मित्र चार शूरवीर होतात आणि उरलेलं सगळं जग माझ्या गळ्यात पडतं. गावचा मुखिया मी, पाऊस मी, कुलूप न उघडणारं दार मी, आणि मुख्य म्हणजे राक्षसही मीच. शनिवारी कोणता राक्षस आणायचा हे शुक्रवारी ठरवायचं. घाम फोडेल पण जीव घेणार नाही, असा एक हवा असतो. एवढंच काम. पहाटे तीनपर्यंत चालतं.

मराठीत आधी शब्दाचाच घोळ. मॉन्स्टरला आपण राक्षस म्हणतो, आणि या पुस्तकांत राक्षस नावाचा वेगळा राक्षस आहे. १९७७च्या पहिल्या राक्षसकोशापासून, म्हणजे ‘मॉन्स्टर मॅन्युअल’पासून, तो तिथे ठाण मांडून आहे. वाघाचं डोकं, हातात धूम्रपानाचा पाइप, चेहऱ्यावर निवृत्त न्यायाधीशाचा निवांतपणा. नंतरच्या पुस्तकांत त्याचे पंजे उलटे झाले, म्हणजे तळवा बाहेरच्या बाजूला. मी एकदा ‘‘समोर राक्षस उभा आहे’’ म्हणालो, तर ‘‘राक्षस म्हणजे राक्षस, की नुसताच राक्षस?’’ यावर वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ तो बिचारा उलटे हात बांधून उभा.

तर ते १९७७चं पुस्तक. साडेतीनशेहून जास्त प्राणी, पण बोलणं तुटक. गॉब्लिन किती भेटतील? उत्तर : ४० ते ४००. हा आकडा नव्हे, ही टाळाटाळ आहे. चाळीस आणि चारशे यांच्यामध्ये माझ्या चारही मित्रांचे अंत्यविधी उरकतात. तरी त्या पुस्तकावर माझा जीव आहे, तो त्यातल्या वेडेपणामुळे. खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांत काही विचित्र प्राणी मिळाले. कुठल्याच जनावरासारखे न दिसणारे. त्यातूनच घुबड-अस्वलाचा संकर असलेला आउलबेअर आणि लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर जन्माला आले. या दुसऱ्याची दहशत मी डोळ्यांनी पाहिली आहे. ड्रॅगनसमोर छाती काढून उभा राहणारा आमचा गडी, याच्या मिशा हलताना दिसल्या की तलवार पाठीमागे लपवतो. जिवाचं काही नाही, पण तलवार हप्त्याहप्त्याने कमावलेली असते.

१९८९ साली कोणाच्या तरी डोक्यात आलं की राक्षस सुट्या पानांवर छापावेत आणि तीन कड्यांच्या फाइलमध्ये लावावेत. नवीन पानं आली की मधे घालायची, वर्णानुक्रम अबाधित. कल्पना झकास, फक्त पानाला दोन बाजू असतात हे आड आलं. पुढे एक राक्षस, मागे दुसरा, आणि त्या दोघांच्या मधे बसणारा तिसरा नंतर आला, तर त्याने जायचं कुठे? ही फाइल मला एका मित्राने घर आवरताना दिली. ‘दिली’ म्हणजे दाराशी ठेवून पळाला. मी तिला बरीच वर्षं हसत आलो.

तिच्यातली माहिती मात्र भरघोस. राक्षस राहतो कुठे, खातो काय, दिवसा जागा असतो की रात्री, एकटा राहतो की कळपात. माझ्या सख्ख्या नातेवाइकांबद्दल मला एवढं ठाऊक नाही. त्याउलट २००८ची चौथी आवृत्ती. लढाईसाठी लागणारं सगळं एका चौकटीत, दुसरं पुस्तक उघडायला नको. पण राक्षस जणू ठेक्यावर आलेला : आला, लढला, मेला, हिशेब पूर्ण. त्याच्या आधीच्या, २०००च्या आवृत्तीत चौकट नुसती फसवी. ‘हा मंत्र दिवसातून तीनदा’ एवढंच लिहायचं. मंत्राने होतं काय, ते दुसऱ्या पुस्तकात. सैतान हल्ला करायला उभा आणि मी अनुक्रमणिकेत बोट फिरवतोय. भीतीचा पार भुगा.

आणि शोधायचं तरी कुठे? २०१४च्या पुस्तकात लाल ड्रॅगन ‘रेड’खाली नाही, ‘ड्रॅगन’खाली. बॅलॉर हवा असेल तर तो डीमन आहे की डेव्हिल, हे आधी ठाऊक हवं. म्हणजे घर सापडण्याआधी आडनाव पाठ पाहिजे. २०२५च्या आवृत्तीने प्रत्येकाला आपापल्या नावाखाली बसवलं. आता माझा हात सवयीने ‘डी’कडे जातो आणि ड्रॅगन ‘आर’मध्ये माझी वाट बघत बसतो.

माझ्या मते राक्षसांच्या संख्येला काडीची किंमत नाही. प्रत्येक मुखपृष्ठ ‘चारशेहून अधिक’ म्हणून ओरडतं. वापरात येतात तीस-चाळीस. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाचे राक्षसकोश ‘बेस्टिअरी’ किंवा २०१६चं ‘टोम ऑफ बीस्ट्स’ मी घेतलं, ते एकाच कारणासाठी. आमच्यातल्या एकाला ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ तोंडपाठ आहे. मी ‘‘गुहेतून दुर्गंधी...’’ म्हणेपर्यंत तो राक्षसाचे हिट पॉइंट, म्हणजे त्याच्यात जीव किती ते, सांगून मोकळा.

गेल्या महिन्यात त्याची जिरवायची ठरवलं. २०१४च्या पुस्तकातला ट्रोल घेतला. हिट पॉइंट ८४, दर फेरीला १० परत भरून निघतात, आणि आग किंवा आम्ल लागल्याशिवाय मरत नाही. पण ट्रोल हा शब्द उच्चारायचा नाही, हिरवा रंग नाही, लांब नाक नाही. मी त्याला निळा केला, दोन शिंगं दिली, अंगावर शेवाळ चढवलं, नाव ठेवलं ‘दलदलीचा धनी’. वर्णनाचा परिच्छेद तीनदा खोडून लिहिला. शनिवारी मेणबत्ती लावून, आवाज खाली आणून वाचला. दोघे खुर्चीत मागे सरकले. डीएमच्या पुढ्यात एक पुठ्ठ्याचा पडदा असतो, त्याच्याआड मी समाधानाने पुस्तक उघडलं.

पाठांतरवाला शांतपणे म्हणाला, ‘‘मी मशाल पेटवतो.’’

‘‘का पण?’’

‘‘पेटवतो.’’

लढाई चार फेऱ्यांत आटोपली. दलदलीचा धनी शिंगांसकट जळाला. नंतर मी त्याला कोपऱ्यात घेतलं. ‘‘शिंगांवरून ओळखलंस?’’

‘‘छे. तू पुस्तक पार शेवटाकडे उघडलंस. डाव्या हाताला जाड, उजव्या हाताला बोटभर. म्हणजे ‘टी’ किंवा त्याच्यापुढचं. आम्ही पाचव्या लेव्हलचे, म्हणजे राक्षसही बेताचाच. राहिलं कोण?’’

पडदा जेमतेम वीतभर उंच; पुस्तकाच्या दोन्ही कडा त्याला रोज दिसत होत्या. एवढी वर्षं मी जीव तोडून आवाज काढले, आणि हा गृहस्थ पानांची जाडी मोजत बसला होता.

त्या रात्री मी माळ्यावरून ती फाइल खाली काढली. कडी उघडली, एक पान सोडवलं, परत बंद केली. एक पान! जाडी नाही, डावं-उजवं नाही. शिवाय मागच्या बाजूला वर्णानुक्रमाने छापलेला भलताच राक्षस, चित्रासकट. येत्या शनिवारी मी ते पान जरा उंच धरून वाचणार आहे, हात दुखत असल्यासारखं. मागच्या बाजूला कोण आहे ते इथे लिहीत नाही. तो माझं सगळं वाचतो.