झिजलेले बूट आणि रिकामं सभागृह

जपानमधल्या योकोहामात निवडणूक लागली की आमच्या घराजवळच्या बागेच्या कुंपणाला एक मोठा फळा उभा राहतो. त्यावर आकडे घातलेले चौकोन, आणि प्रत्येक उमेदवाराचं पोस्टर आपापल्या चौकोनात. सकाळी स्टेशनबाहेर उमेदवार खांद्यावरून नावाचा पट्टा घालून उभा असतो, गाडी पकडायला धावणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करतो. परदेशी नागरिक म्हणून मला इथं मताचा हक्क नाही. तो मलाही वाकतो.

1987 साली याच शहराच्या महापालिकेसाठी निशी वॉर्डातून योशिहिदे सुगा असेच उभे राहिले. वय 38. उत्तर जपानातल्या अकिताकडच्या स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा हा मुलगा. शाळा संपल्यावर टोकियोला आला, पुठ्ठ्याच्या कारखान्यात राबला, होसेई विद्यापीठातून पदवी घेतली आणि मग हिकोसाबुरो ओकोनोगी या खासदारांचा सचिव झाला. त्या प्रचारात ते दिवसाला 300 घरं फिरले, बुटांचे सहा जोड झिजले, असं सांगतात. महापालिकेतून 1996 मध्ये संसदेत, 2012 पासून मुख्य कॅबिनेट सचिव (इथं हे मंत्रिपद असतं) आणि सप्टेंबर 2020 मध्ये जपानचे पंतप्रधान. आबे, आसो, किशिदा हे इतर पंतप्रधान सगळे राजकीय घराण्यांतले. सुगांच्या पाठीशी तसलं घराणं नव्हतं, महापालिका होती.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं, कारण तो म्हणाला होता, "प्रशासकच बरा होता. नगरसेवक हवेत कशाला? टक्केवारी खायला?"

दादाचा राग मला समजतो. पण मुंबई-पुण्याच्या महापालिकांत मार्च 2022 पासून प्रशासक बसले आणि मतदान झालं थेट जानेवारी 2026 मध्ये. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, कारणं खरी होती. तरी जवळजवळ चार वर्षं? इथं 11 मार्च 2011 ला त्सुनामी आली. एप्रिलमध्ये देशभर स्थानिक निवडणुका ठरलेल्या होत्या. गावंच्या गावं वाहून गेली होती, तिथल्या तेवढ्या खास कायदा करून पुढे ढकलल्या आणि त्याच वर्षात उरकल्या. बाकी देशात मतदान वेळेवर झालं.

आपल्याकडे हा रस्ता नाही असं थोडंच आहे? विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून आले. फडणवीस नागपूरला आणि शिंदे ठाण्याला आधी नगरसेवक होते. त्या चार वर्षांत ज्या पोराला वॉर्डात उभं राहायचं होतं, त्यानं काय करायचं? कुणाच्या तरी मागे बॅनर धरून फिरायचं. ज्याचे वडील आमदार आहेत, त्याचं काहीच अडत नाही.

जपानमध्ये सगळं गोड आहे असं नाही. 2023 मध्ये प्रांतिक विधानसभांच्या साधारण पाव जागांवर लढतच झाली नाही, उभं राहायला माणसं मिळेनात. सुगांचंही सगळं मला पटलं नाही. सरकारला सल्ला देणाऱ्या विज्ञान परिषदेवरच्या सहा अभ्यासकांची नावं त्यांनी कारण न देता गाळली, ते वाईटच होतं.

पण त्यांचा शेवट पाहा. ऑगस्ट 2021 मध्ये योकोहामाच्या महापौरपदाला त्यांनी आपल्या जुन्या साहेबांच्या मुलाला, हाचिरो ओकोनोगींना, पाठिंबा दिला. लोकांनी ताकेहारू यामानाका या प्राध्यापकांना निवडलं. कोरोनानं सुगा आधीच खिळखिळे झाले होते. दोन आठवड्यांच्या आत त्यांनी सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं, म्हणजे पंतप्रधानपदही सोडलं. ज्या शहरानं त्यांना नगरसेवक केलं, त्याच शहरानं त्यांना घरी बसवलं. प्रशासकाला असं घरी बसवायची सोय कुठे आहे, दादा?

आईचं मात्र वेगळंच. गल्लीत पाणी आलं नाही की चार वर्षं ती एकच वाक्य बोलायची: "फोन तरी कुणाला करू?" परवा म्हणाली, नवी नगरसेविका येऊन गेली, नंबर देऊन गेली. तो कागद तिनं कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवलाय.