"तुझा कार्यक्रम करतो" म्हणजे काय, हे कंपनीला कोण समजावणार?

एका रात्री मावसबहिणीचा फोन आला. "ताई, ती कमेंट नाहीच काढली त्यांनी. दुसऱ्यांदा नाही म्हणालेत." आवाज एकदम सपाट होता. रडत असती तर बरं वाटलं असतं.

ती सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिल्यांदाच निवडून आलेली. ग्रामसभेत तिनं नळपाणी योजनेच्या बिलांची प्रत मागितली. मिळाली नाही. मग गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर तिनं टाकीचा फोटो टाकला आणि खाली दोन ओळी लिहिल्या, "कागदावर टाकी पूर्ण आहे. पाणी कुठं आहे?" शिवी नाही, कुणाचं नाव नाही.

रात्री अकराच्या सुमारास कमेंटी सुरू झाल्या. त्यातल्या दोन मी स्वतः वाचल्या. पहिली, "ताईंचा करेक्ट कार्यक्रम करायला लागतोय." दुसरी एका खोट्या नावाच्या अकाउंटवरून, "पहाटं मळ्यात एकट्याच जाता न्हवं?"

तुम्ही मराठी आहात, मला अर्थ सांगायची गरज नाही. दुसरी कमेंट वाचून माझ्या पोटात गोळा आला. तिचा नवरा पुण्यात नोकरीला. गोठा मळ्यात आहे, पहाटे धारेला ती एकटीच जाते. हे ज्याला माहीत आहे त्यानंच ते लिहिलंय. आणि त्या ओळीत आक्षेपार्ह म्हणावा असा एक शब्द नाही.

तिनं रिपोर्ट केलं तेव्हा मी फोनवर होते. तीन टिंबं, मग यादी. नग्नता, द्वेष, स्पॅम, खोटी विक्री, छळ. "ताई, हे कशात बसतं?" तिनं छळ निवडलं. तासाभराच्या आत उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. तिनं पुन्हा तपासणी मागितली. पुन्हा तेच.

त्याच पोस्टखाली माझी मावशी, म्हणजे तिची आई, लेकीच्या बाजूनं लिहून गेली होती, "कोण रं त्यो मुडदा, म्होरं ये की!" ती कमेंट काढून टाकली. हिंसक भाषा, म्हणून. शिवाय मावशीला तीन दिवस कमेंट करायला बंदी. आमच्याकडं मुडदा, मेला हे शब्द नातवाला जेवायला हाक मारतानाही येतात. मावशीनं मला विचारलं, "मी काय वंगाळ बोलले गं?" पासष्ट वर्षांच्या बाईला स्वतःची भाषा चुकीची वाटायला लागली, हे मला त्या धमकीइतकंच लागलं.

या सगळ्या कंपन्यांचे नियम कागदावर चांगले आहेत. मी वाचलेत. धमकी चालणार नाही, छळ चालणार नाही, खोटं अकाउंट चालणार नाही. पण नियम लावायचा कुणी? पहिली चाळणी यंत्राची असते. लाखो उदाहरणं दाखवून त्याला शिकवलेलं असतं की अमुक शब्द आले की धमकी, तमुक आले की शिवी. ज्या भाषेतली उदाहरणं भरपूर, त्या भाषेत ते हुशार. चाळणीतून पुढं गेलेलं माणसाकडं जातं. तो बहुतेकदा ठेक्यावरचा कर्मचारी, दिवसाला शेकड्यानं तक्रारी उपसणारा. त्याला मराठी येत नसेल तर तो भाषांतर वाचणार. "कार्यक्रम करायला लागतोय" याचं भाषांतर काय होईल, करून बघा. कुणीतरी ताईंसाठी समारंभ ठेवतंय असं वाटेल.

हे मी नुसत्या रागानं म्हणत नाही. २०२१ साली फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. चुकीची माहिती ओळखण्याच्या कामासाठी ठेवलेल्या बजेटपैकी ८७ टक्के एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेले १३ टक्के बाकी सगळ्या जगासाठी, असं त्यांत होतं. बाहेरच्या फॅक्ट-चेकर संस्था या आकड्यात धरलेल्या नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. मान्य करू. पण त्याच सुमारास हेही छापून आलं की आपल्या राज्यघटनेतल्या २२ भाषांपैकी पाचच भाषांवर कंपनीनं आपली यंत्रणा शिकवली होती. तेव्हापासून यंत्रं सुधारली असतील. माझ्या बहिणीच्या फोनवर ती सुधारणा अजून पोचलेली नाही.

भाषा न कळण्याची किंमत काय असते ते म्यानमारनं दाखवलं. रोहिंग्यांविरुद्धचं विष तिथल्या लोकांच्या भाषेत फेसबुकवर वर्षानुवर्षं पसरत होतं, आणि २०१५ च्या सुरुवातीला बर्मी वाचू शकणारी माणसं पोस्ट तपासायच्या कामावर होती दोन. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीनं कबूल केलं की आम्ही पुरेसं केलं नाही. तोवर लाखो लोक देश सोडून बांगलादेशात गेले होते.

आपल्यालाही तेच वर्ष आठवायला हवं. १ जुलै २०१८, राईनपाडा, साक्री तालुका, धुळे जिल्हा. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडं फिरत होते. जमावानं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे मेसेज त्यामुळं ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनंच सांगितलं. यात कुणाचा मेसेज उघडून वाचावा लागला नाही. कंपनीनं मनावर घेतलं तर होतं. फक्त मनावर घ्यायला पाच माणसं मरावी लागू नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझे एक सहकारी म्हणाले, मॅडम, सरळ सरकारच्याच हातात द्यावं हे सगळं, पोलिसांनी सांगितलं की कमेंट गेली पाहिजे. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, आणि त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीनं ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. माझ्या बहिणीची पाण्याबद्दलची पोस्टही उद्या कुणाला "वातावरण बिघडवणारी" वाटू शकते. टाकी ज्यांनी बांधली त्यांना तर नक्कीच वाटेल. म्हणून काय काढायचं हे साहेबाच्या एका फोनवर ठरू नये.

मग मागायचं काय? मी युरोपकडं बोट दाखवते. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानं मोठ्या कंपन्यांना जाहीर करावं लागतं की युरोपीय संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेसाठी तक्रारी तपासणारी माणसं किती आहेत. त्यात माल्टी भाषाही येते. माल्टाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख होते. आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि कंपन्यांनी आपली नियमावली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही द्यावी असं आलं. चांगलं झालं. पण नियमावली मराठीत आणि तक्रार वाचणारा मराठी न कळणारा, तर त्या नियमावलीचा मावशीला काय उपयोग? मराठी तपासणारी माणसं किती, त्यांना सातारी कळते का, अहिराणी कळते का, मालवणी कळते का, हे कंपन्यांनी छापावं आणि सरकारनं ते छापायला लावावं.

तोवर जे हातात आहे ते करा. २०२१ च्या नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, मोठ्या कंपन्यांना तो भारतात राहणारा हवा. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल सात दिवसांत द्यायचा असतो (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत १५ दिवसांची होती). उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारनं नेमलेल्या अपील समितीकडं ऑनलाइन जाता येतं. २०२३ पासून ही सोय सुरू आहे, पण गावाकडं तर सोडाच, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही कुणाला माहीत नव्हती. स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख-वेळ दिसू द्या, कमेंटची लिंक वेगळी जपून ठेवा. रागानं आधी ब्लॉक करू नका, लिंक हातची जाते. आणि शब्दाचा अर्थ लिहून द्या. आम्ही अर्जात स्वच्छ लिहिलं, "साताऱ्याकडं 'कार्यक्रम करणे' म्हणजे एखाद्याला संपवणे."

तालुक्याच्या पोलीस ठाण्यातही गेलो. हवालदारांनी मोबाइल हातात घेतला, पहिली ओळ वाचली, आणि मान वर न करता विचारलं, "कुणाचं पोरगं हाय?" त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. दुसरी कमेंट वाचल्यावर त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि बहिणीला म्हणाले, "पहाटं कुणालातरी बरोबर न्या बाई काही दिवस." एवढं समजायला त्यांना अर्धा मिनिट लागला. मला कंपनीकडून हेच अर्धं मिनिट हवंय, मराठी कळणाऱ्या एका माणसाचं.

तुमच्या भागात असे शब्द असतील, वरून साधे आणि आतून धमकीचे, किंवा वरून शिवी आणि आतून माया. खाली लिहा, कुठल्या तालुक्यातला तेही लिहा. अपिलाच्या अर्जाला मी ती यादी जोडणार आहे.

त्या अर्जानंतर अकराव्या दिवशी "कार्यक्रम" असलेली कमेंट काढली. बहीण सध्या सासूबाईंना बरोबर घेऊन धारेला जाते. दुसरी कमेंट अजून तिथंच आहे.