रुसाल्काला शेपटी नसतेच, मग ती कापली कोणी?

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला, कारण मी रशियन शिकलेय हे सगळ्यांना माहितीये. विषय आहे २०१८ चा एक रशियन हॉरर सिनेमा, स्व्यातोस्लाव पोद्गायेव्स्कीने केलेला, इंग्रजीत ज्याचं नाव ‘द मर्मेड: लेक ऑफ द डेड’ ठेवलंय. मजकूर थोडक्यात असा, की रुसाल्का म्हणजे रशियन मत्स्यकन्या, मूळ लोककथेत ती राजपुत्रासाठी स्वतःचा आवाज देऊन टाकते, पण सिनेमावाल्यांनी बजेट वाचवायला तिची शेपटी कापली, जपानी भुतांचे ओले लांब केस तिला चिकटवले आणि मुळात जी सुपीकतेची प्रेमळ देवी होती तिची खुनशी हडळ करून टाकली, सबब यात रशियन लोककथा औषधालाही नाही. आणि शेवटी एक ओळ, की रुसाल्का म्हणजे आपल्या साती आसराच, मग आपल्याच गोष्टीवर सिनेमा का नाही काढत.

वाचून वाईट वाटलं. सिनेमा काही ग्रेट नाही, त्याच्याबद्दल माझीही तक्रार आहे, पण जी गोष्ट त्याने बरोबर पकडलीय नेमकी तिच्यावरच लोक तुटून पडलेत आणि जिथे खरंच चुकलाय तिकडे कोणाचं लक्षच नाही.

शेपटीपासून सुरू करते कारण बाकी सगळा गोंधळ तिथूनच निघालाय. रशियन खेड्यातल्या रुसाल्काला माशाची शेपटी नसते. पाय असतात, ती चालते, शेतातून पळते, गोल धरून नाचते आणि झाडावर बसते. रशियन कवी पुश्किनच्या ‘रुस्लान आणि ल्युद्मिला’ या काव्याच्या सुरुवातीच्या ओळी, ज्या त्याने १८२८ च्या आवृत्तीत घातल्या आणि ज्या रशियात शाळकरी पोरांना पाठ असतात, त्यात ओकच्या झाडाचं वर्णन आहे आणि तिथे साफ लिहिलंय की रुसाल्का फांद्यांवर बसलीय. आता शेपटी घेऊन झाडावर कोण चढणार? किंवा इवान क्राम्स्कोयचं १८७१ चं ‘रुसाल्का’ नावाचं मोठं चित्र बघा, मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत आहे, लेखक गोगोलच्या एका कथेवरून काढलेलं. चांदणी रात्र, पाण्याच्या काठावर पांढऱ्या लांब झग्यांतल्या बऱ्याच मुली, कोणी बसलीय, कोणी उभी आहे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी उदासी की बघवत नाही. एकीलाही शेपटी नाही.

मग शेपटी आली कुठून? पश्चिमेकडच्या चित्रांतून आणि पुस्तकांतून, आणि मग डॅनिश लेखक अँडरसनच्या ‘लिटल मर्मेड’ या १८३७ च्या परीकथेमुळे ती पक्की बसली, कारण रशियन भाषांतर करताना तिचं नाव ‘रुसालोच्का’ म्हणजे छोटी रुसाल्का असं ठेवलं. म्हणजे डेन्मार्कच्या समुद्रातल्या मत्स्यकन्येला रशियन तळ्यातल्या मुलीचं नाव मिळालं, आणि उलट्या बाजूने इंग्रजीत या सिनेमाला ‘मर्मेड’ म्हटलं, त्यामुळे तिकीट काढणारा माणूस शेपटी शोधत बसला. चूक नाव लावणाऱ्यांची आहे. दिग्दर्शकाने शेपटी कापलेली नाही, उलट ती न लावण्याचा शहाणपणा दाखवलाय.

आवाज देऊन टाकणारी राजपुत्राची गोष्ट तर अँडरसनची आहे. ती चेक संगीतकार द्वोर्झाकच्या ‘रुसाल्का’ ऑपेरातही आहे म्हणून लोक तिला रशियन समजतात, पण तो ऑपेरा चेक भाषेतला, १९०१ मध्ये प्रागला पहिल्यांदा झाला. आणि त्यातसुद्धा शेवटी राजपुत्र तिच्या चुंबनानेच मरतो हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

आता खरा मुद्दा. रुसाल्का ही मुळात वेगळी जातच नाही, ती गावातलीच मेलेली मुलगी आहे. द्मित्री झेलेनिन नावाच्या अभ्यासकाने १९१६ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, अनैसर्गिक मरण आलेली माणसं आणि रुसाल्का हाच त्याचा विषय. तो म्हणतो खेड्यातले लोक मेलेल्यांचे दोन गट करायचे. एक म्हणजे आयुष्य पुरं जगून गेलेले, ते पूर्वज होतात, घरादाराचं भलं करतात. दुसरे म्हणजे वाट्याचं आयुष्य संपायच्या आधीच गेलेले, बुडालेले, गळफास घेतलेले, बाप्तिस्मा न झालेली बाळं, लग्नाआधी गेलेल्या पोरी. त्यांना माती घेत नाही असा समज, म्हणून जुन्या काळी त्यांना नेहमीच्या दफनभूमीत जागासुद्धा द्यायचे नाहीत, प्रेतं वेगळ्या जागी ठेवायचे आणि ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी, ज्याला सेमिक म्हणतात, त्या दिवशी सगळ्यांचं एकत्र दफन आणि प्रार्थना करायचे. उरलेलं आयुष्य ही माणसं आपण मेलो त्याच जागेपाशी काढतात असं मानायचे. बुडालेली पोर पाण्यापाशी.

पोलेस्ये म्हणजे युक्रेन-बेलारूसच्या सीमेवरचा दलदलीचा भाग, तिथे निकिता तोल्स्तोय यांच्या अभ्यासगटाने १९७०-८० च्या दशकांत गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांकडून गोष्टी लिहून घेतल्या, त्यातही तेच निघालं. लग्न ठरलेली पण लग्नाआधी गेलेली मुलगी रुसाल्का होते. तिला नवरीच्या कपड्यांत, डोक्यावर फुलांचा मुकुट घालून पुरायचे, आणि मग ती दिसते तीही तशीच, ज्या कपड्यांत पुरली त्याच कपड्यांत. नवरीचा साज अंगावर, पण बोहल्यावर कधी चढलीच नाही.

हे डोक्यात ठेवून सिनेमा परत बघा. रोमा नावाचा पोहणारा मुलगा, लग्न ठरलंय, तळ्याकाठच्या जुन्या घरी बॅचलर पार्टीला जातो, रात्री पाण्यात उतरतो, तिथे ती भेटते आणि त्याला सोडायला तयार होत नाही. ती काही शतकांपूर्वी बुडालेली तरुण मुलगी आहे, आणि तिला हवाय तो दुसरीचा होणारा नवरा. तिचा प्रश्न एकच, तुझं माझ्यावर प्रेम आहे का. समोर त्याची होणारी बायको मरीना, जिला पाण्याचीच भीती. म्हणजे एकीचं लग्न व्हायचंय आणि एकीचं व्हायचं राहून गेलंय, आणि नवरा एकच. लोक म्हणतात हा घिसापिटा लव्ह ट्रँगल आहे. अहो, लोककथेचा कणाच तो आहे! मला तर वाटतं सगळ्या सिनेमात सगळ्यात जास्त रशियन काय असेल तर हेच, आणि मजकुरात याबद्दल चकार शब्द नाही.

केसांचं म्हणाल तर, लांब केसांच्या भुताचा जपानी सिनेमा ‘रिंग’ १९९८ चा. क्राम्स्कोयच्या मुलींचे केस त्याच्या सव्वाशे वर्षं आधीपासून मोकळे आहेत. कॅमेरा कसा लावला, कधी दचकवलं, यात परदेशी सिनेमांची छाप आहे हे मी मान्य करते, पण केस उसने नाहीत. रशियन खेड्यात लग्न न झालेली मुलगी एक वेणी घालायची, लग्नात ती वेणी सोडून दोन घालायचे आणि त्या डोक्यावरच्या टोपड्याखाली झाकायचे, तो मोठा विधी असायचा, मैत्रिणी रडायच्या. चारचौघांत केस मोकळे सोडून फिरणारी बाई म्हणजे ना माहेरची ना सासरची, मधेच अडकलेली. त्यामुळे मोकळे केस दिसले की गावातल्या माणसाला लगेच कळायचं समोर कोण उभंय ते. फणीचंही तसंच, रुसाल्का काठावर बसून केस विंचरते आणि त्या केसांतून पाणी झरत राहतं, केस वाळले तर ती मरते असंही सांगतात.

देवीवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे म्हणून तो एका वाक्यात झटकून टाकणार नाही. रुसाल्कांचा एक खास आठवडा असतो, त्रोईत्सा नावाच्या सणाच्या आसपास, म्हणजे मे-जूनमध्ये, राय नावाचं धान्य फुलोऱ्यात येतं तेव्हा. त्या दिवसांत त्या पाण्यातून बाहेर येतात, बर्चच्या फांद्यांवर झोके घेतात, शेतातून पळतात, आणि त्या जिथून पळतात तिथे पीक चांगलं येतं असं मानतात. म्हणजे पिकाशी नातं आहेच. व्लादिमीर प्रोप यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकानेही सणांचा अर्थ शेतीकडूनच लावला. नावसुद्धा बहुतेक अभ्यासकांच्या मते रोमन लोकांच्या रोझालिया या गुलाबांच्या सणावरून ग्रीकमार्गे आलंय. पण यावरून ‘आधी प्रेमळ देवी होती, नंतर भूत केलं’ हे सिद्ध होत नाही. जुन्या कागदांत, उदाहरणार्थ १५५१ च्या स्तोग्लाव या चर्चच्या ठरावांत, जो शब्द येतो तो सणातल्या नाचगाण्याच्या धिंगाण्यासाठी येतो, कुठल्या देवीसाठी नाही. आणि जिथे पीक वाढतं तिथेच मेलेलेही असतात यात खेड्यातल्या माणसाला काहीच विचित्र वाटत नव्हतं, दोघंही मातीतच. त्याच आठवड्यात बायका झाडांवर कापडाचे तुकडे, सूत, सदरे टांगून ठेवायच्या, कारण त्या पोरी उघड्या असतील, त्यांना अंगावर घालायला काहीतरी हवं. हे देवीला वाहिलेलं नाही वाटत मला. गेलेल्या लेकीसाठी ठेवलेलं वाटतं.

साती आसरांचं एवढंच म्हणेन की साम्य आहे, पाण्याची जागा, बायका, ओढून नेण्याची भीती, आणि काही ठिकाणी बुडून मेलेल्या बायकाच आसरा होतात असंही सांगतात. पण आसरांचे सात दगड असतात, त्यांना शेंदूर लावतात, ओटी भरतात, नवस बोलतात, त्या गावाच्या दैवतांत बसतात. रुसाल्काला ठाणं नाही. वर्षातून एक आठवडा तिला सांभाळून घ्यायचं, त्या दिवसांत नदीत उतरायचं नाही, आणि शेवटी मिरवत गावाबाहेर पोचवून यायचं. दोन्ही आपापल्या जागी ठेवूया ना. आणि ‘रशियन’ म्हणतानाही जरा जपून, कारण यातला मोठा आणि सुंदर भाग युक्रेन आणि बेलारूसमधल्या गावांचा आहे, गोगोलची ती कथाही युक्रेनच्याच खेड्यात घडते.

आता सिनेमा चुकलाय कुठे ते सांगते. त्यातली रुसाल्का हसत नाही. आणि लोककथेतल्या रुसाल्काची सगळ्यात भयंकर गोष्ट तिचं हसणं आहे, कारण ती चावून किंवा गळा दाबून नाही, गुदगुल्या करून मारते, माणूस हसत हसत मरतो. पुण्यात रशियन शिकत होते तेव्हा आमच्या बाईंनी रशियन लेखक तुर्गेन्येवची ‘बेझिन कुरण’ ही कथा वाचून दाखवली होती, १८५१ ची. पोरं रात्री शेकोटीभोवती बसून भुतांच्या गोष्टी सांगतायत, घोडे चरतायत. एक पोरगा गाव्रीला सुताराची गोष्ट सांगतो. गाव्रीला रानात वाट चुकतो, झाडाखाली त्याचा डोळा लागतो, कोणीतरी हाक मारतं, बघतो तर चांदण्यात फांदीवर रुसाल्का झोके घेतीये, अंगाने छोट्या माशासारखी चकचकीत पांढरी, त्याला बोलावतीये आणि नुसती हसतीये. तो उठून जाणारच असतो, पण कसाबसा, हात दगडासारखा जड झालेला असताना, क्रॉसची खूण करतो. ती हसायची थांबते. आणि रडायला लागते, हिरव्या केसांनी डोळे पुसत. तो विचारतो का रडतेस, तर म्हणते तू ती खूण करायला नको होतीस, माझ्यासोबत शेवटपर्यंत आनंदात राहिला असतास, आता मी एकटी झुरणार नाही, तूही जन्मभर झुर. त्यानंतर गाव्रीलाला रानातून वाट सापडते, पण तो परत कधी हसत नाही.

बाई एवढं वाचून थांबल्या आणि वर्गात बराच वेळ कोणी काही बोललं नाही. एक थेंब रक्त नाही त्या गोष्टीत. पोद्गायेव्स्कीच्या हातात हे सगळं होतं, पण त्याने काळं पाणी, अंधारं घर आणि दर दहा मिनिटांनी दचकवणं घेतलं. जूनचं ऊन नाही, कमरेएवढी राय नाही, बर्चचे झोके नाहीत. मरीनाला सगळं निस्तरायला हातात एक आठवडा मिळतो, पण तो रुसाल्कांचा आठवडा म्हणून कुठे जाणवतच नाही. तिच्याकडे उपायही लोककथेतला हवा होता. त्या आठवड्यात पोरी दवणा जातीची एक कडू वनस्पती, पोलीन म्हणतात तिला, जवळ बाळगून फिरायच्या. कारण रुसाल्का वाटेत आडवी येऊन विचारते, हातात काय आहे तुझ्या? पोलीन म्हटलं की ती चरफडत निघून जाते. आणि जर कोणी चुकून म्हणालं पेत्रुश्का, म्हणजे आपली सूपवर घालतात ती पार्सली, तर ती यमक जुळवून ओरडते, अगं माझी दूश्का, म्हणजे माझी लाडकी गं, आणि मिठी मारून गुदगुल्या करायला लागते.