बेरी एफसी १ पौंडात ‘फुकट’ गेला नव्हता

इंग्लंडमधल्या बेरी फुटबॉल क्लबबद्दल एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचा सारांश असा: १८८५ सालचा क्लब बाहेरच्या माणसाने १ पौंडात फुकट लाटला आणि बुडवला, स्थानिक उद्योजकाकडेच राहिला असता तर वाचला असता, वर लीगने (इंग्लिश फुटबॉल लीग, ईएफएल) घाईघाईत हाकललं. यातला १ पौंड तेवढा खरा आहे.

स्टीव्ह डेल यांनी डिसेंबर २०१८ मध्ये स्ट्युअर्ट डे यांच्याकडून क्लब १ पौंडाला घेतला. पण अशा व्यवहारात विकले जातात ते कंपनीचे शेअर, आणि शेअर घेणाऱ्याच्या पदरात कंपनी देण्यांसकट पडते: थकलेले पगार, कर, मैदानावरचं कर्ज, सगळं. समजा, मालमत्ता ४० लाखांची आणि देणी ६० लाखांची आहेत. कंपनीचं निव्वळ मूल्य शून्याच्याही खाली गेलं. मग १ पौंड तरी कशाला? इंग्लिश करारकायद्यात काहीतरी प्रतिफळ, म्हणजे मोबदला, द्यावा लागतो, म्हणून. याला लॉटरी म्हणणाऱ्याने ताळेबंद उघडलेलाच नसतो.

आता ‘स्थानिक’ची गोष्ट. डे हे लँकाशायरमधलेच मालमत्ता व्यावसायिक, २०१३ पासून मालक. गिग लेन मैदान गहाण पडलं ते त्यांच्याच काळात. लहान क्लबचा मालक ‘पैसे ओततोय’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते बहुतेकदा भागभांडवल नसतं, त्याने किंवा त्याच्या दुसऱ्या कंपनीने दिलेलं कर्ज असतं. त्या भरवशावर खेळाडूंचे पगार चढतात. तिकीटविक्रीत ते बसणार नसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मालकाचा मूळ धंदा आटला की त्याच महिन्याच्या पगाराला कळतं. डे यांची मेडेर्को ही कंपनी २०१९ च्या सुरुवातीलाच दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. मालक कुठल्या गल्लीत राहतो याने यात काय फरक पडला असता?

हे कोणालाही तपासता येतं, तेही विनाशुल्क. ब्रिटनच्या ‘कंपनीज हाउस’च्या संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचं नाव टाका आणि आधी ‘चार्जेस’ बघा: कर्ज कोणाचं, कधीचं, तारण काय. नंतर ताळेबंदात वर्षाच्या आत फेडायची देणी शोधा. क्रम उलटा करू नका. खासगी कंपनीला हिशेब द्यायला वर्षअखेरीनंतर ९ महिने मिळतात, म्हणजे आकडे शिळे असतात. तारणाची नोंद मात्र २१ दिवसांत करावी लागते. शेवटी मैदान कोणाच्या नावावर आहे ते पाहा. ते वेगळ्या कंपनीत असेल तर क्लबची पाटी कोरी दिसते आणि बोजा तिकडे बसलेला असतो. नेमकी इथेच फसगत होते.

लीगच्या ‘घाई’बद्दल बोलायचं, तर चूक उलट दिशेची होती. डेल यांच्याकडे क्लब चालवण्याइतका पैसा असल्याचा पुरावा हस्तांतरणापूर्वी मिळालाच नव्हता; तरी व्यवहार झाला, कारण तेव्हाच्या नियमांत तो रोखायची सोय नव्हती. २०१९ च्या वसंतात संघ लीग टूमध्ये (इंग्लिश फुटबॉलची चौथी श्रेणी) दुसरा येऊन बढतीला पात्र ठरला, त्याच काळात पगार थकत होते. जुलैमध्ये धनकोंशी तडजोड झाली. तिला कर्जाच्या मूल्याच्या ७५ टक्के मतं लागतात. फुटबॉलशी संबंधित देणी पूर्ण, बाकीच्या विनातारण धनकोंना पौंडामागे २५ पेन्स, असा प्रस्ताव होता. शिवाय १२ गुणांची कपात. (खेळाडू आणि इतर क्लब यांचं पूर्ण फेडायचं आणि कर खात्यापासून स्थानिक पुरवठादारापर्यंत बाकीच्यांनी पाव हिश्शावर समाधान मानायचं, हा नियमच आम्हाला खटकतो.) सामने पुढे ढकलले गेले, मुदत वाढवली गेली. २७ ऑगस्टला सी अँड एन स्पोर्टिंग रिस्क या संभाव्य खरेदीदाराने अंग काढून घेतलं आणि त्याच रात्री बेरीला लीगबाहेर काढलं. आठ महिने उशीर झाला, असं म्हटलं तर चालेल. इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने आलेल्या स्वतंत्र नियामकाच्या कामात नव्या मालकाच्या पैशाचा उगम तपासणंही आहे.

आणि ‘बुडाला’? फेब्रुवारी २०२२ मध्ये चाहत्यांच्या गटाने सरकारी निधीच्या मदतीने गिग लेन विकत घेतलं. मे २०२३ मध्ये बेरीच्या दोन वेगळ्या चाहतागटांनी मतदानाने एकत्र यायचं ठरवलं. २०२५ मध्ये बेरी एफसी नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या प्रीमियर डिव्हिजनची (नववी श्रेणी) विजेती होऊन वरच्या श्रेणीत गेली.