‘चहा हवी’ म्हणणाऱ्याची बुद्धी गेलेली नसते

अकरा महिन्यांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्यात माझ्या मामांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आणि त्यांना वाचाघात झाला, म्हणजे मेंदूतील इजेमुळे भाषा वापरणे अवघड झाले. गेल्या आठवड्यात मामींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वत्र फिरणारा एक संदेश आला: अशा रुग्णाची बुद्धी लहान मुलासारखी होते, वाक्य शुद्ध बोलल्याशिवाय त्याला मागितलेली वस्तू देऊ नये, बाराखडीपासून पुन्हा शिकवावे आणि सहा महिन्यांनंतर आशा सोडावी. त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. मामा म्हणाले, “चहा... हवी.” मामींनी कप हातातच धरला आणि “हवा म्हणा, हवा” असे चारदा बजावले. मामांनी तोंड फिरवले. चहा निवून गेला.

योग्य वेळी, योग्य माणसाकडे, योग्य वस्तू मागणाऱ्याची बुद्धी गेली असे कोणत्या आधारावर म्हणायचे? चुकले ते केवळ लिंगाचे रूप, आणि ती चूकही वाटेल तशी नाही. भाषा-अभ्यासक लीझ मेन आणि लोरेन ओब्लर यांनी १९९० साली हिंदीसह १४ भाषांतील अशा रुग्णांचे बोलणे एकत्र प्रसिद्ध केले. चुका त्या त्या भाषेच्या घडणीप्रमाणे होतात, हे अशा तुलनेतून दिसते. इंग्रजीत प्रत्यय गाळला तरी बहुधा शब्द उरतो, म्हणून तो गळतो. हिब्रूत क्रियापदाचे मूळ म्हणजे नुसती व्यंजने, ती स्वरांवाचून उच्चारता येत नाहीत, म्हणून एका रूपाच्या जागी दुसरे रूप येते. मराठीत ‘हव’ असा सुटा शब्द नाही. मामांनी ‘हवा’च्या जागी ‘हवी’ घेतले, म्हणजे शब्द मराठीतलाच निवडला. ते पाहुण्यांना ‘या’ऐवजी ‘ये’ म्हणतात, तोही उद्धटपणा नव्हे.

वस्तू अडवून धरणे हा तर निव्वळ छळ आहे. “हो, चहा हवा ना, घ्या” असे म्हणून कप हाती दिला, तर शुद्ध रूपही कानावर पडते आणि माणसाचा मानही राहतो. बाराखडीचा चहाच्या लिंगाशी काहीच संबंध नाही.

पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते, एवढे मात्र मान्य करावे लागते. परंतु त्यानंतर ती थांबते, हे खोटे आहे. जर्मनीत झालेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झटक्याला सहा महिने वा अधिक काळ उलटलेले दीडशेहून अधिक रुग्ण होते, आणि किमान तीन आठवड्यांच्या सघन वाचोपचारानंतर (स्पीच थेरपीनंतर) त्यांचे बोलणे सुधारले. या संदेशामुळे मामींनी वाचोपचारतज्ज्ञांची पुढची वेळ रद्द केली होती. ती मी काल पुन्हा घेतली.