पोच

आमच्या सासूबाई गोधड्या शिवतात. मला या घरात येऊन 27 वर्षं झाली. आजारपण सोडलं तर त्यांच्या हातात सुई नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. पूर्वी या गोधड्या वाईहून फार तर साताऱ्यापर्यंत जायच्या. कुणाचं बारसं असलं की गोधडी जुन्या चादरीत गुंडाळायची, सुतळीनं बांधायची आणि स्टँडवर जाऊन ओळखीच्या कंडक्टरच्या स्वाधीन करायची. मग नणंदेला फोन : "दहाच्या गाडीनं निघालीय, अकराला स्टँडवर उभी राहा." झालं ट्रॅकिंग. दुपारी तिचा फोन यायचा, "मिळाली गं." झाली पोच. या व्यवस्थेत आजवर एकदाच घोटाळा झाला, तोही नणंदेला दुपारची डुलकी लागली म्हणून. गोधडी कराड बघून परत आली.

गेल्या वर्षी चिरंजीव पुण्याहून दोन दिवस घरी आले, आजीच्या गोधड्यांचे फोटो काढले (एकात आमची मांजर आहे, त्याला सगळ्यात जास्त पसंती) आणि एका परदेशी ऑनलाइन बाजारात दुकान थाटून दिलं. मालक ते, कारागीर सासूबाई. पॅकिंग, पोस्ट, पत्रव्यवहार आणि बोलणी खाणे ही खाती माझ्याकडे.

पहिली चौकशी अमेरिकेतून आली, ती नेमकी ऑगस्ट 2025 मध्ये. तिकडे 800 डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी 29 ऑगस्टपासून उठणार होती. जकात कुणी गोळा करायची, कशी भरायची, हेच ठरेना, म्हणून 25 तारखेपासून आपल्या पोस्टानं तिकडचं बहुतेक बुकिंगच थांबवलं. मी पोस्टातून हात हलवत परत आले आणि सासूबाईंना सांगितलं, "आई, अमेरिका बंद आहे."

"सोमवार ना आज," त्या म्हणाल्या. "उद्या जा."

दिवाळीनंतर जर्मनीतून ऑर्डर आली. फ्रायबुर्गच्या एक बाई. त्यांच्या लेकीला डिसेंबरात बाळ व्हायचं होतं आणि बाळासाठी त्यांना हातानं शिवलेलंच काहीतरी हवं होतं. सासूबाईंनी ही गोष्ट मनावर घेतली. दुपट्यापुरती मागणी असताना बाळ लग्नापर्यंत पांघरेल एवढी गोधडी काढली. मऊ झालेल्या तीन नऊवाऱ्या, आत एक सुती धोतर, आणि वर मुंगीच्या वाटेसारखा धावदोरा.

पोस्टाचं 'लहान पाकीट' 2 किलोपर्यंतच चालतं. त्यात बसलं तर स्वस्त पडतं. गोधडी भरली 2 किलो 180 ग्रॅम. मी भीत भीत म्हटलं, "आई, आतला एक थर काढला तर?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला सांगितलं एक बरगडी काढून ये, तर येशील?" गोधडी पार्सलनं गेली.

पार्सल म्हटलं की सीएन 23 नावाचा कस्टमचा फॉर्म येतो. आंतरराष्ट्रीय टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच असल्यामुळे त्यावर जागोजागी फ्रेंच असतं. पोस्टातला मुलगा फार सज्जन. म्हणाला, "ताई, वस्तूचं वर्णन?" मी म्हटलं, गोधडी. तो म्हणाला, ते मलाही कळतंय, फ्रँकफुर्टला कळलं पाहिजे. शेवटी चिरंजीवांनी फोनवरून जगभर चालणारा आकडा सांगितला : 9404, म्हणजे गाद्या, उशा, रजया वगैरे मंडळी. तेवढ्यात त्या मुलाला शंका आली, "नवी आहे का जुनी?" कारण वापरलेल्या कपड्यांचा आकडा वेगळा, 6309. मी घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "लुगडी जुनी, गोधडी नवी. त्यांना विचार, पुरणपोळी नवी का हरभरा जुना?" मुलानं निमूटपणे 9404 लिहिलं.

मागे रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकानं मला एकच सल्ला दिला : 'गिफ्ट'वर खूण करा, टॅक्स वाचतो. खरं तर भेट म्हणजे दोन माणसांनी पैशांशिवाय केलेला व्यवहार, आणि तिकडे तीही 45 युरोपर्यंतच माफ. विकलेल्या मालाला 1 जुलै 2021 पासून युरोपात अगदी लहानसहान रकमेवरही व्हॅट लागतो. जर्मनीत साधारण 19 टक्के. मी 'विक्री'वर खूण केली. रांगेतल्या एका काकांनी मान हलवून "धंदा नाही जमायचा यांना" असं शेजारच्याला ऐकवलं.

पावतीवर 13 अक्षरी नंबर होता. आधी दोन अक्षरं, पार्सल असल्यानं पहिलं 'सी'. मग नऊ आकडे. शेवटी देशाची दोन अक्षरं, आपली 'आयएन'. नऊपैकी शेवटचा आकडा नुसता राखणदार. आधीच्या आठ आकड्यांना ओळीनं 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 नं गुणायचं, बेरजेला 11 नं भागायचं आणि बाकी 11 मधून वजा करायची. येईल तो नववा आकडा. (10 आले तर शून्य, 11 आले तर 5, इथेही अपवाद आहेतच.) चिरंजीवांनी हे सांगितल्यावर मी वाण्याच्या बिलामागे गणित मांडलं आणि ते बरोबर आलं. सासूबाईंनी विचारलं, काय चाललंय. म्हटलं, नंबर खरा आहे का बघतेय. "म्हणजे गुण जुळवतेयस," त्या म्हणाल्या. "जुळले का? मग नांदेल."

पहिले पाच दिवस गोधडी छान नांदली. बुक झाली, पिशवीत भरली, मुंबईला पोचली, कस्टमला दाखवली, सुटली, फ्रँकफुर्टकडे रवाना. मी दिवसातून दोनदा बघायची. सासूबाई सकाळी चहाच्या कपाबरोबर विचारायच्या, "पोचली का गं?" मी म्हणायची, "फ्रँकफुर्टला निघालीय." सहाव्या दिवशीही फ्रँकफुर्टला निघालीय. अकराव्या दिवशीही. विमानानं जर्मनीला जायला इतका वेळ लागत असेल, तर ते साताऱ्यात चहाला थांबलं असणार.

आमच्या बोलण्यात 'डिलिव्हरी' हा शब्द फार झाला होता, आणि आमच्या अंगणाची भिंत कमरेएवढी आहे. मोबाइलला रेंज अंगणातच येते. एका संध्याकाळी मी चिरंजीवांशी बोलत होते. नंतर कळलं की पलीकडे काकू तुळशीला पाणी घालत होत्या आणि त्यांना फक्त माझी बाजू ऐकू येत होती : "अरे, तारीख उलटून गेली... नाही रे, मधेच अडकलीय, अकरा दिवस हलली नाही... डिलिव्हरी झाली असती तर निरोप आला असता ना?... हो, ती बाई आता पैसे परत मागणार... तुझ्याच नावावर आहे सगळं, तूच निस्तर."

आमचे चिरंजीव अविवाहित आहेत.

काकू दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्टीलचा मोठा डबा घेऊन आल्या, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "झालं ते झालं. हल्लीची मुलं. पण त्या पोरीचे हाल होऊ देऊ नका. डिंकाचे आहेत, साजूक तुपातले." मला काही उमगेना. सासूबाईंना मात्र क्षणात उमगलं, आणि त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की सुईतला दोरा निघाला. "अहो, गोधडी अडकलीय, गोधडी!" काकूंच्या चेहऱ्यावर सुटकेबरोबर किंचित निराशाही दिसली. तेवढ्यात सासूबाईंनी सगळी हकिगत सांगितली, त्यात फ्रायबुर्गची गरोदर लेकही आली. काकूंनी डबा माझ्याकडे सरकवला. "मग तिलाच पाठवा. बाळंतीण ती बाळंतीण. तिकडे कोण देणार तिला डिंक?"

त्याच रात्री ऑनलाइन बाजाराचा निरोप आला. ग्राहकाच्या म्हणण्यानुसार वस्तू मिळालेली नाही. 3 दिवसांत डिलिव्हरीचा पुरावा द्या, अन्यथा पैसे परत केले जातील. फ्रायबुर्गच्या बाई स्वभावानं गरीब. त्यांचं वेगळं पत्र आलं होतं : अंदाजाची तारीख उलटल्यावर पडद्यावर बटण दिसलं, मी दाबलं, काही चुकलं का?

पाठवल्याचा पुरावा माझ्याकडे होता. दोन पावत्या, फॉर्मची प्रत, पॅकिंगचे सात फोटो, एकात मांजर. पण बाजाराला पाठवल्याचं कौतुक नव्हतं, मिळाल्याचा दाखला हवा होता. पोस्टातल्या त्या मुलानं धीर दिला. म्हणाला, सीएन 08 नावाचा चौकशीचा फॉर्म भरता येतो, मुदत 6 महिने. सासूबाईंनी बोटांवर महिने मोजले. "तोवर बाळ रांगायला लागेल."

शहाणपण सुचलं ते चिरंजीवांना, तेही रात्री साडेअकराला. "आई, तू नंबर कुठे टाकून बघतेयस?" म्हटलं, आपल्या पोस्टाच्या साइटवर. "अगं, तोच नंबर जर्मन साइटवर टाक."

इथे मला थोडं थांबून 1874 सालच्या त्या गृहस्थांना हात जोडायचे आहेत. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात 22 देशांचे लोक जमले आणि टपालासाठी सगळे सभासद देश मिळून एकच मुलूख मानायचा असं ठरवून उठले. हाच तो टपाल संघ. आपण 1876 साली त्यात गेलो. त्याच संघाचा हा 13 अक्षरी नंबर, म्हणून वाईत चिकटवलेलं लेबल फ्रँकफुर्टच्या यंत्राला वाचता येतं. मात्र मुलूख एक असला तरी वह्या वेगळ्या. आपलं खातं आपल्या हद्दीतलं लिहितं, त्यांचं त्यांच्या. आलं, कस्टमला दिलं, सुटलं, दिलं, असे संगणकी निरोप खाती एकमेकांना धाडतात. पण एखादा निरोप वाटेत राहिला की इकडच्या पडद्यावर माल जन्मभर 'रवाना'च राहतो. लेक सासरी पोचून संसाराला लागलेली, आणि माहेरचे अजून वेशीवर हात हलवत उभे.

नंबर टाकला. जर्मन अक्षरं उमटली. चिरंजीवांनी भाषांतर करून पाठवलं : पार्सल 4 डिसेंबरला शेजाऱ्याकडे दिलं.

सकाळी मी सासूबाईंना सांगितलं, "आई, पोचली. शेजाऱ्याकडे."

"कुठल्या शेजाऱ्याकडे?"

ते मात्र आम्हाला दिसत नव्हतं. जर्मनीत अशी रीतच आहे म्हणे. माणूस घरी नसेल तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवायचं आणि टपालपेटीत चिठ्ठी टाकायची. सासूबाईंना ही रीत एकदम पसंत पडली. युरोपबद्दल त्यांचं मत पहिल्यांदाच सुधारलं. मी मात्र त्या एका ओळीचा स्क्रीनशॉट बाजाराला पाठवला आणि दोन तासांत उत्तर आलं : पुरावा ग्राह्य, तक्रार बंद, निकाल तुमच्या बाजूनं. सोबत टाळ्या वाजवणारे दोन हात.

म्हणजे मी जिंकले. पैसे माझ्याकडे, पुरावा माझ्याकडे, आणि गोधडी फ्रायबुर्गमध्ये कुणाकडे, ते देवाला ठाऊक. बाईंनी चिठ्ठी पाहिलीच नव्हती. त्यांना मी लिहिलं की कायद्यानं तुम्हाला गोधडी मिळालेली आहे, तरी कृपा करून ती शोधा. हे पत्र लिहिताना मला लाज वाटली, कारण आमच्याकडे अशा माणसाला 'पोच नाही' म्हणतात.

बाईंनी पूर्ण इमारत पालथी घातली. तळमजला नाही म्हणाला, दुसरा मजला नाही म्हणाला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा 4 तारखेलाच संध्याकाळच्या विमानानं कॅनरी बेटांवर गेले होते, उन्हात बसायला. चिठ्ठी बहुधा सुपरमार्केटच्या जाहिरातीत अडकून रद्दीत गेली असावी. 9 डिसेंबरला बाळ झालं. मुलगी, 3 किलो 200 ग्रॅम. "म्हणजे तीही लहान पाकिटातनं गेली नसती," हे सासूबाईंचं पहिलं वाक्य.

23 तारखेला आजोबा परतले. त्याच रात्री फोटो आला : पाळण्यात गोधडी, गोधडीत बाळ, बाजूला कॅनरी बेटांवर भाजून लाल झालेले आजोबा. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो जवळ नेला, लांब नेला, बोटांनी मोठा केला. मला वाटलं डोळ्यांत पाणी येणार.

"उलटी घातलीय," त्या म्हणाल्या. "कळव त्यांना."

राहता राहिला काकूंचा डबा. लाडू पाठवायचे म्हणून मी चौकशी केली, तर युरोपात बाहेरून टपालानं दुधाचे पदार्थ पाठवायला मनाई. साजूक तूप त्यातच आलं. हे काकूंना सांगायची माझी छाती झाली नाही. जिच्या तुपावर आजवर कुणी बोट ठेवलं नाही, तिला युरोपनं नाकारलं म्हणून कसं सांगणार? रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्या भिंतीवरून विचारतात, "पोचले का गं लाडू?"

मी म्हणते, "फ्रँकफुर्टला आहेत, काकू."

आत आमचे हे डब्याच्या तळाशी हात घालून बघत असतात. तीन उरलेत.