फिनिक्स ए आपल्याला गिळायला निघालेलं नाही

मावशीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "हे खरं का रे? झोप लागेना." मेसेजचा मजकूर असा: दक्षिण आकाशातल्या फिनिक्स ए या दीर्घिकेत नासाने 10,000 कोटी सूर्यांइतकं कृष्णविवर 'मोजलं', त्याने तिथले तारे गिळून दीर्घिका मारून टाकली आणि आता ते आपल्या सूर्यमालेला ओढतंय. सोबत ज्वाळांच्या कड्याचा 'खरा फोटो'.

आधी ते ओढणं बघू, माणसं त्यालाच घाबरलीत. तिथल्या प्रकाशाला इथे यायला सुमारे 570 कोटी वर्षं लागली. तो निघाला तेव्हा आपला सूर्य जन्मलाही नव्हता. वाटेत त्याच्या लहरी जवळपास 60 टक्क्यांनी ताणल्या गेल्या, म्हणजे ती दीर्घिका आपल्यापासून लांब चाललीय. राहिली ओढ. आपल्याच आकाशगंगेच्या मध्यावर, 26,000 प्रकाशवर्षांवर, 40 लाख सूर्यांचं कृष्णविवर बसलंय. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटतं. मेसेजमधला आकडा जसाच्या तसा धरला, तरी फिनिक्सची ओढ या घरच्या कृष्णविवराच्या ओढीच्या जेमतेम 20 लाखाव्या भागाइतकी भरते. आणि घरच्याने आजवर आपलं काय वाकडं केलं?

'दीर्घिका मेली' हे तर धडधडीत उलटं. फिनिक्स एसारख्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये सहसा नवे तारे फारसे बनत नाहीत, एवढं खरं. पण फिनिक्स ए गाजली तीच अपवाद म्हणून! खगोलशास्त्रज्ञ मायकल मॅकडोनल्ड आणि सहकाऱ्यांनी 2012 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं की तिथे वर्षाला सुमारे 740 सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे बनतात. आपल्या आकाशगंगेत हाच आकडा एखाद-दोन. फिनिक्स ए ज्या दीर्घिकासमूहाच्या मध्यावर आहे, त्यातला तापलेला वायू निवून मध्यावर उतरतो आणि त्यातून तारे घडतात. एरवी कृष्णविवराजवळून सुटणारे झोत त्या वायूला निवू देत नाहीत. इथे ते कमी पडले. खलनायकाचा धाक एवढाच.

10,000 कोटींचा आकडा हवेतला नाही, हे नाइलाजाने मान्य. पण तो मॉडेलवरून काढलेला अंदाज आहे, थेट मोजमाप नव्हे. आणि हा समूह सापडला तो दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीला. नासाच्या चंद्रा दुर्बिणीने पुढचं काम केलं, पण मेसेजवाल्यांना प्रत्येक गोष्टीवर नासाचा शिक्का लागतो.

फोटो? चित्रकाराने काढलेला. आजवर दोनच कृष्णविवरांभोवतीच्या कड्याची खरी प्रतिमा मिळालीय: 2019 मध्ये एम 87 या दीर्घिकेतल्या आणि 2022 मध्ये आपल्या आकाशगंगेतल्या. दोन्ही धूसर आहेत. मेसेजमधल्यासारखी एकही ज्वाळा त्यांत दिसत नाही.